नळ आला, पण पाणी पुरते का?

जलजीवन मिशनचे नळ वाशीम जिल्ह्यातल्या अनेक वस्त्यांत आले आहेत. पण दारात नळ असणे वेगळे आणि घराला पुरेसे, शुद्ध पाणी मिळणे वेगळे. जुलाब, कावीळ, डेंग्यू असे आजार याच फटीतून घरात शिरतात.

कोणत्याही योजनेला दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, काम नकाशाप्रमाणे झाले का? पाइप केवढा, टाकी किती लिटरची, नळ किती, हे अभियंता पाहतो आणि मोजमाप पुस्तिकेत लिहितो. दुसरा, ज्यांच्यासाठी योजना केली त्यांची गरज भागते का? हे उत्तर त्या पुस्तिकेत नसते. ते नळाखाली घागर लावणाऱ्या बाईला ठाऊक असते. वस्ती टाकीपासून लांब किंवा चढावर असेल, तर आधीची घरे पाणी भरतात आणि शेवटच्या नळाला धार उरत नाही. कागदावर मात्र तोही नळ 'जोडणी पूर्ण' म्हणून मोजला जातो.

म्हणून आपणच मोजू या. २०१९ साली सुरू झालेल्या या मिशनने माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी ठरवले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे २० लिटरच्या सुमारे १४ बादल्या. घड्याळ लावून एक बादली भरा. चार मिनिटे लागली, तर रोजच्या पाण्याला ५५ मिनिटे हवीत. पाणी दर तिसऱ्या दिवशी येत असेल, तर एका वेळी ८२५ लिटर भरावे लागते आणि त्याला पावणेतीन तास लागतात. नळ तासभरच चालत असेल, तर मिळतात फक्त ३०० लिटर.

पाणी रोज येत नसले की ड्रम, रांजण भरून ठेवावे लागतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. भांडी घट्ट झाका आणि आठवड्यातून एक दिवस रिकामी करून, घासून कोरडी ठेवा.

पुरवठा बंद असताना पाइप रिकामा असतो. तो गटारातून गेला असेल आणि त्याला चीर असेल, तर घाण आत ओढली जाते. नळाला मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. म्हणून नळाचे पहिले पाणी पिण्यासाठी भरू नका. जलसुरक्षकाला ओटी टेस्ट टाकीजवळच्या नळावर न करता वस्तीतल्या शेवटच्या घरी करायला सांगा. तिथे क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवे. पाण्याला पिवळा रंग आलाच नाही, तर त्यात क्लोरीन उरलेले नाही. ते पाणी उकळून प्या.

नायट्रेट मात्र उकळून जात नाही. त्याला रंग नाही, वासही नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर ते तान्ह्या बाळाला घातक ठरू शकते. विहीर किंवा बोअर उकिरडा, शोषखड्डा यांच्या जवळ असेल, तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा आग्रह धरा.

या नोंदींचा उपयोग ग्रामसभेत होतो. गाव 'हर घर जल' झाले, यावर शेवटचा शिक्का ग्रामसभेच्या ठरावानेच बसतो. पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात आणि प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवावे, असा नियम आहे. त्यात आपल्या वस्तीतली कोण आहे, ते विचारा. पंधरा दिवस वहीत लिहा: पाणी किती वाजता आले, किती वेळ चालले, बादली किती मिनिटांत भरली, ओटी टेस्ट कशी आली. ठरावाआधी ती वही सभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंदवायला लावा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला पाण्यावरचा आपला हक्क बजावला. धम्मही 'एहिपस्सिको' म्हणतो: या, स्वतः पाहा. शेवटच्या घरातला नळ पाहिल्याशिवाय ठरावाला हात वर करू नका.