हाडें, सांधे व सूर्यप्रकाश

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत उन्हाला तोटा नाहीं. असें असतां येथील माणसांच्या शरीरांत ड जीवनसत्त्वाची उणीव आढळावी, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. घरांतील वडील मंडळींचे गुडघे व कंबर दुखूं लागली म्हणजे ‘वात झाला’ असें आपण म्हणतों. आणि गोळ्या न घेतां केवळ आहार सुधारून हें दुखणें जाईल काय, असा प्रश्न विचारतों. या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

ड जीवनसत्त्वाचें मुख्य कार्य असें कीं, अन्नांतील कॅल्शियम म्हणजे चुन्याचा अंश आंतड्यांतून रक्तांत शोषून घेण्यास तें साहाय्य करितें. तें कमी पडलें तर खाल्लेला चुना अंगीं लागत नाहीं. त्यामुळें लहान मुलांस मुडदूस होतो व त्यांचे पाय वांकतात. प्रौढ माणसांचीं हाडें मऊ पडतात. कंबर, मांड्या व बरगड्या ठणकतात आणि बसलेल्या माणसास उठणें जड जातें. हें दुखणें हाडांचें असतें, परंतु लोक त्यास संधिवात समजतात आणि वर्षानुवर्षें तेलें चोळीत बसतात.

या रोगाचें कारण शोधण्याचा इतिहास बोधप्रद आहे. थिओबाल्ड पाम नांवाचे एक वैद्यकीय मिशनरी जपानांत राहून इंग्लंडांत परतले, तेव्हां जपानांत विरळा दिसणारा मुडदूस तेथील धुरकट शहरांत त्यांस जागोजाग दिसला. त्यांनीं निरनिराळ्या देशांतील मिशनरी डॉक्टरांस पत्रें लिहून माहिती मिळविली आणि सूर्यप्रकाशाचा अभाव हेंच या रोगाचें कारण होय, असें १८९० सालीं प्रसिद्ध केलें.

पुढें आपल्याच महाराष्ट्रांत, नाशिक येथें, डॉ. हचिसन व त्यांचे सहकारी यांनीं घरोघरच्या मुलांची व स्त्रियांची तपासणी केली. १९२१ व १९२२ सालीं प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष विचार करण्याजोगे आहेत. ज्या सुखवस्तु घरांत दूधदुभतें व अन्न मुबलक होतें, परंतु स्त्रिया व मुलें पडद्यांत राहत, तेथें हा रोग आढळला. उलट, कोरड्या भाकरीवर दिवस काढून उन्हांत राबणाऱ्या गरिबांच्या घरीं तो नव्हता. चांगलें अन्न ज्यांस राखूं शकलें नाहीं, त्यांच्या दारांतच औषध पडलें होतें!

यावरून आहाराची मर्यादा ध्यानांत येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें माणसास दररोज ड जीवनसत्त्वाचे ६०० एकक लागतात. एका अंड्यांत, तेंहि बलकांत, सुमारें ४० एकक असतात. म्हणजे केवळ अंड्यांवर भागवावयाचें तर दिवसास पंधरा अंडीं खावीं लागतील! बांगडा, तारली यांसारख्या तेलकट समुद्री माशांत तें अधिक असतें, पण समुद्र आपणांपासून दूर. साध्या दुधांत तें नाममात्र असतें. ज्या पिशवीवर अधिक चिन्हासह ‘एफ’ हें अक्षर छापलेलें असतें, त्या दुधांत वा तेलांत मात्र तें मुद्दाम मिसळलेलें असतें.

म्हणून ड जीवनसत्त्वाचा मुख्य सांठा उन्हांतूनच मिळवावयाचा. त्याची खूण सोपी आहे: आपली सांवली आपल्या उंचीहून आखूड असेल, तेव्हांचें ऊन उपयोगी. उन्हाळ्यांत साडेनऊच्या सुमारास व हिवाळ्यांत बारा-साडेबाराच्या सुमारास, हातपाय उघडे ठेवून, कांहीं वेळ बाहेर असावें. कातडी सांवळी असेल तर वेळ अधिक लागतो. बंद खिडकीच्या कांचेआडून आलेलें ऊन कामाचें नव्हे. वैशाखांतील भर दुपारीं मात्र उभें राहूं नये.

मग आहारास महत्त्व नाहीं काय? आहे, आणि मोठें आहे. प्रौढ माणसास दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. आपल्या ज्वारीच्या भाकरींत तें थोडें असतें. दूध, दही, ताक, नाचणी, तीळ व शेवग्याचा पाला यांनीं ती उणीव भरून येते. भूम तालुक्याचा खवा प्रसिद्ध आहे. पण भट्टीवर दूध घालतांना घरच्या मुलांपुरतें व म्हाताऱ्यांपुरतें पेलाभर मागें ठेवावें.

आतां सांध्यांविषयीं. वयोमानानें गुडघ्याची कुर्ची झिजते, त्या दुखण्यावर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीं विशेष उतार पडत नाहीं, असें अमेरिकेंत २०१३ सालीं व ऑस्ट्रेलियांत २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. तेथें वजन आटोक्यांत ठेवणें व मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हेच खरे उपाय. एक किलो वजन उतरलें तर चालतांना गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो. परंतु बोटांचे सांधे सुजून सकाळीं बराच वेळ ताठत असतील, तर तो आमवात असूं शकतो. त्यांत केवळ पथ्यावर विसंबून औषध लांबविलें तर सांधे कायमचे वांकडे होतात.

त्याचप्रमाणें रक्ततपासणींत मोठी उणीव दिसली, तर डॉक्टरांनीं दिलेली गोळी नाकारूं नये. आणि कोणी न सांगतां एकामागून एक इंजेक्शनें टोंचूनहि घेऊं नयेत. हें जीवनसत्त्व औषधरूपानें अतिरिक्त झाल्यास रक्तांतील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस अपाय होतो. आहार, ऊन व औषध हे एकमेकांचे वैरी नव्हेत. प्रत्येकाचें काम निराळें आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरीं अंधाऱ्या खोलींत बाजेवर पडून असलेली आजी असेल, तर सुटीच्या दिवशीं तिचा हात धरून तिला अंगणांत आणा, सांवली मोजून दाखवा आणि तिच्याजवळ बसा. तुम्हांसहि त्या उन्हाची तितकीच गरज आहे.