रविवारची लांब फेरी आणि आठवड्याचा सराव

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात दिलेलं भाषण)



आज बोलायचं आहे सायकलबद्दल. शाळा-कॉलेज सुटल्यावर बहुतेकींची सायकलही सुटली. पण आता चाळिशीत, पन्नाशीत कितीतरी जणींनी ती पुन्हा हातात घेतली आहे. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, कुठेही बघा, रविवारी पहाटे हेल्मेट घातलेल्या बायकांचा घोळका गावाबाहेर निघालेला दिसतो. कुणी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सुरुवात केली, कुणी मुलं मोठी झाली म्हणून, तर कुणी शेजारणीने ओढून नेलं म्हणून.

या मैत्रिणींच्या बोलण्यात दोन तक्रारी नेहमी येतात. पहिली अशी: "दोन वर्षं झाली, दर रविवारी पन्नास-साठ किलोमीटर जाते, पण घाटात अजून तेवढाच दम लागतो." दुसरी बरोबर उलटी: "मोबाइलवर सरावाचा तक्ता घेतला, घड्याळात ठोके बघायला लागले, आणि सायकलची सगळी मजाच गेली."

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. मजा आणि मेहनत एकाच फेरीत कोंबायचा आपण प्रयत्न करतो. दोघींना वेगवेगळे दिवस दिले, तर दोन्ही नीट होतात. लांब फेरी सावकाश आणि आनंदाने करायची, दमवणारा सराव थोडा, ठरवून आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी करायचा. हे असं का, ते आधी समजून घेऊ.

आपण सावकाश सायकल चालवतो, तेव्हा शरीरात शांतपणे पुष्कळ काही घडत असतं. स्नायूंमध्ये नवीन बारीक रक्तवाहिन्या तयार होतात. पेशींमध्ये ऊर्जा बनवणारी जी केंद्रं असतात, ज्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात, ती वाढतात. शरीर साठवलेली चरबी इंधन म्हणून वापरायला शिकतं. ही कामं वेळ मागतात, जोर मागत नाहीत. म्हणून लांब फेरी हा फुकट गेलेला वेळ नाही. ती आपल्या सगळ्या ताकदीचा पाया आहे.

दमवणारा सराव वेगळं काम करतो. त्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल मर्यादा वाढते. घाटात उपयोगी पडते ती हीच. पण हे काम थोडक्या वेळात होतं, आणि त्यानंतर शरीराला विश्रांती लागते.

आता गंमत बघा. बहुतेक हौशी सायकलपटू या दोन्हींच्या मधे अडकतात. रविवारी घोळक्यात कुणीतरी जरा पुढे जातं, मग आपणही जोर लावतो. ना धड सावकाश, ना धड जोरात. घरी येतो ते गळून. सोमवारी पाय जड, मंगळवारी सरावाला उठवत नाही, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. थकवा जोरातल्या सरावाचा आणि फायदा मात्र अर्धामुर्धा. दोन वर्षं जाऊनही घाट तेवढाच का दमवतो, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी धावपटू, नौकानयनपटू, बर्फावरचे स्कीपटू, सायकलपटू अशा उत्तम खेळाडूंचा सराव अभ्यासला. त्यांना दिसलं की हे लोक साधारण पाचांपैकी चार वेळा सावकाशच सराव करतात आणि एखाद्या वेळीच खरोखर जोरात. जगातले पट्टीचे खेळाडू जर एवढा सावकाश सराव करतात, तर आपण रोज धाप लागेपर्यंत पळवण्याचं काही कारण नाही.

सावकाश म्हणजे किती, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी महागडं घड्याळ लागत नाही. शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या पाहिजेत. काल घरी पाहुणे कोण आले, भाजी काय केली, हे न थांबता सांगता येत असेल, तर तुमचा वेग बरोबर आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर तो जोराचा सराव झाला. २२० मधून वय वजा करून ठोक्यांची कमाल मर्यादा काढतात, पण तो ढोबळ अंदाज आहे. प्रत्यक्षात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यापेक्षा गप्पांची कसोटी भरवशाची.

आता एक साधा आठवडा मांडून दाखवते. तुमच्या घरच्या वेळेप्रमाणे दिवस बदला.

सोमवारी विश्रांती. मंगळवारी पाऊण तासाचा जोराचा सराव. पहिली दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग तापवायचं. मग रहदारी नसलेल्या चढावर किंवा सपाट रस्त्यावर चार मिनिटं जोरात, इतकं की बोलणं नकोसं वाटावं, पण चारही मिनिटं तोच जोर टिकावा. नंतर तीन मिनिटं अगदी हळू. असं चार वेळा. नवख्या मैत्रिणींनी दोनदाच करावं. शेवटी दहा मिनिटं रमतगमत घरी. झालं! आठवड्याची खरी मेहनत एवढीच.

बुधवारी सायकल नाही. घरातच वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम. गुरुवारी पाऊण तास ते तासभर सावकाश. शुक्रवारी पुन्हा वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम. शनिवारी जमलं तर बाजारहाट सायकलवरून, नाहीतर विश्रांती. आणि रविवारी लांब फेरी. सहा-आठ आठवडे हे अंगवळणी पडलं, की हवं तर गुरुवारच्या फेरीत दहा-दहा मिनिटांचे दोन जरा नेटाचे टप्पे घालावेत. दर चौथ्या आठवड्याला मात्र सगळंच कमी करायचं. शरीर सुधारतं ते विश्रांतीत.

ताकदीचे व्यायाम टाळू नका, हे मी मुद्दाम सांगते आहे. सायकल गुडघ्यांना सोयीची, कारण शरीराचं वजन सीटवर असतं. पण त्याच कारणाने हाडांवर भार येत नाही, आणि भाराशिवाय हाडं मजबूत होत नाहीत. पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात. म्हणून सायकलवालीने उठाबशा, जिना चढणं, टाचा उचलणं, भिंतीला हात टेकून जोर काढणं, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, असं काहीतरी केलंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्यात किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करायला सांगते.

आता रविवारच्या फेरीकडे वळू. पुण्याचं उदाहरण घेते. कोंढव्यावरून बोपदेव घाट चढून सासवडला जायचं आणि परत यायचं, ही साठेक किलोमीटरची फेरी अनेकींच्या आवडीची. घाटमाथ्यावरचं वारं, सासवडला सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन, मोसमात पुरंदरची अंजिरं नाहीतर सीताफळं. या फेरीत वेगाचा हिशेब कशाला? घाट हलक्या गिअरमध्ये चढा. पाय भराभर फिरू द्या, जड गिअर रेटू नका. तो रेटला की गुडघे बोलायला लागतात. जी आधी माथ्यावर पोचेल तिने थांबायचं आणि शेवटची मैत्रीण आल्यावर, तिला श्वास घेऊ दिल्यावरच सगळ्यांनी पुढे निघायचं. नाहीतर होतं काय, पुढच्या विश्रांती घेऊन निघतात आणि सगळ्यात दमलेलीला विश्रांतीच मिळत नाही.

कधी जोर लावावासा वाटला तर? जरूर लावा. महिन्यातून एक रविवार ठरवा, एक घाट ठरवा, आणि तेवढा मनापासून चढा. मात्र तो तुमचा त्या आठवड्याचा जोराचा सराव समजा आणि मंगळवारचा सोडा. तसाच महिन्यातला एक रविवार असा ठेवा की मोबाइल खिशात, घड्याळ घरी. किती किलोमीटर झाले ते संध्याकाळीही बघायचं नाही.

लांब अंतराची भीती वाटते त्यांच्यासाठी एक हिशेब सांगते. सायकलपटूंमध्ये 'ब्रेव्हे' नावाच्या फेऱ्या असतात. आपल्या महाराष्ट्रातही होतात. ती शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटर १३ तास ३० मिनिटांत पूर्ण करायचे असतात. भागाकार केलात तर तासाला १५ किलोमीटरही पडत नाहीत, आणि त्यात जेवण, चहा, पंक्चर सगळं आलं. म्हणजे तिथे कसोटी वेगाची नसते, तासन् तास सावकाश चालत राहण्याची असते. रविवारच्या आपल्या फेरीत नेमकं हेच शिकायला मिळतं. अंतर मात्र एकदम वाढवू नका. आठवड्याला पाच-सात किलोमीटर पुष्कळ झाले.

खाण्याचंही तसंच. दीड-दोन तासांपेक्षा लांब जायचं असेल तर भूक लागायची वाट बघू नका. तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे एक मोठं केळं आणि दोन-तीन खजूर. राजगिऱ्याचा लाडू, गुळाची चिक्की, गूळपोळी खिशात मावते आणि बाजारातल्या महागड्या पाकिटांइतकंच काम करते. पाणी थोडं थोडं प्या. उन्हात तीन-चार तास नुसतंच साधं पाणी ढोसू नका, एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर घाला.

इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. वाटेत स्वच्छतागृह नसतं म्हणून कितीतरी जणी पाणीच पीत नाहीत. त्याने डोकं दुखतं, पायात गोळे येतात, पुढे लघवीचा संसर्गही होऊ शकतो. रस्ता ठरवतानाच थांबे ठरवा. पेट्रोल पंप, मोठं उपाहारगृह, ओळखीचं घर. घोळक्यातल्या एकीने हे काम आधी करून ठेवायचं. सीटचंही तसंच, दुखतंय तरी सोसत राहायचं नाही. सीटची उंची आणि रुंदी आपल्या शरीराला जुळवून घ्या, आणि गादीची सायकलची चड्डी आत दुसरं काही न घालता वापरा. निम्मं दुखणं तिथेच संपतं.

एवढं करूनही दम लागतच असेल, तर सरावाला दोष देण्याआधी रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही चांगला तक्ता लावा, घाटात पाय उचलणार नाहीत. जेवणाबरोबर चहा घेण्याची सवय सोडा, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पाळी अनियमित झाली किंवा वय नसताना थांबली, तर मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडत असेल. डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास असेल किंवा साखरेची औषधं चालू असतील, तर जोराचा सराव सुरू करण्याआधी त्यांचा सल्ला घ्याच. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथल्या तिथे थांबायचं.

शरीर थकल्याच्या खुणाही ओळखायला शिका. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, झोप उडालेली, जिना चढताना मांड्या भरून येणं, विनाकारण चिडचिड. अशा दिवशी सराव सोडला तर काही बिघडत नाही. आणि मैत्रिणींनो, आपल्या थकव्यात घरही येतं. दिवाळीचा फराळ, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं दुखणं, रात्रीचं जागरण, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं, पण शरीर ते मोजत असतं. असा आठवडा आला तर जोराचा सराव खुशाल सोडा, आणि पुढच्या आठवड्यात त्याची भरपाई करायला जाऊ नका.

मात्र रविवारची फेरी शक्यतो सोडू नका. छोटी करा, हळू करा, पण जा. आठवडाभर आपण दुसऱ्यांच्या वेळापत्रकाने चालतो. ते चार तास आपले असतात. तिथेही दुसऱ्याने आखलेले आकडे आपल्या मागे लागले, तर बाई हळूहळू सायकल सोडते, आणि तिच्याबरोबर तब्येतही सोडते. ज्यात मन रमतं तेच वर्षानुवर्षं टिकतं.

तेव्हा या आठवड्यापासून एवढंच करून बघा. मंगळवारी पाऊण तास मेहनत, दोन दिवस उठाबशा, आणि रविवारी गप्पा मारत मारत लांब फेरी. दोन महिने नेमाने करा, आणि मग तुमच्या नेहमीच्या चढावर श्वास कसा चालतो ते स्वतःच पाहा. कळवायला विसरू नका.