उकळत्या पाण्याची घडवंची

घरी बिअर बनवण्याचा छंद, असं नुसतं म्हटलं की आपल्याकडे काही जण कान टवकारतात आणि काही नाक मुरडतात. म्हणून आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा हा घरी करून बघायचा प्रयोग नव्हे. अमेरिकेत मात्र १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे हा छंद केंद्रीय पातळीवर कायदेशीर झाला. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७९ लिटर बिअर स्वतःपुरती बनवता येते. विकता मात्र येत नाही.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं तिकडे होतो. यंत्र अभियंता म्हटल्यावर शेजारीपाजारी हक्कानं विचारायला येत. बिअरच्या चवीबद्दल नव्हे, तर भांडी ठेवायच्या स्टँडबद्दल. लाकडाचा करू, लोखंडाचा की स्टेनलेस स्टीलचा? प्रश्न साधा वाटतो. पण या स्टँडवर काय ठेवायचं असतं, ते पाहा.

या कामाला बहुधा तीन मोठी पातेली लागतात. एकात पाणी तापवायचं. दुसऱ्यात भरडलेलं मोड आणलेलं सातू ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचं. तिसऱ्यात त्याचा गाळलेला रस हॉप्स घालून तासभर उकळायचा. पंप नको असेल तर ही पातेली पायऱ्यांसारखी एकाखाली एक मांडतात, म्हणजे द्रव आपोआप खाली उतरतो. आपल्याकडच्या घडवंचीसारखंच, फक्त इथे माठाऐवजी आग आणि उकळतं पाणी. वरच्या पातेल्यात ४० लिटर पाणी असलं, तर भांड्यासकट वजन ४५ किलोंच्या पुढे जातं, आणि ते असतं माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. त्यातलं पाणी ७५ अंशांच्या वर. ६० अंशांचं पाणीसुद्धा पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. म्हणजे निवड करताना प्रश्न दिसण्याचा नसतो, कातडीचा असतो.

आता एकेक साहित्य घेऊ. लाकूड स्वस्त, घरच्या करवतीनं कापता येणारं. वजनही आरामात पेलतं. त्याचं वैर आगीशी. एका शेजाऱ्याच्या लाकडी स्टँडवर गॅसचा बर्नर होता. एका मोसमानंतर त्याच्या फळीच्या खालच्या बाजूनं बोट फिरवलं, तर बोटाला कोळसा लागला. लाकूड पेट घेण्याआधी कितीतरी दिवस आतून करपत असतं, आणि सतत तापून करपलेलं लाकूड पुढे कमी उष्णतेतही पेटू शकतं. बर्नर जमिनीवर आणि लाकूड दूर, किंवा पाणी विजेच्या कॉइलनं तापवायचं असेल, तरच लाकडाचा विचार करावा.

सिमेंटचे ठोकळे रचणारेही पुष्कळ. दाब ते छान सोसतात, पण ज्वाळेजवळ त्यांच्या छिद्रांतल्या ओलाव्याची वाफ होते आणि कपचे उडू शकतात. शिवाय नुसते रचलेले ठोकळे बाजूच्या धक्क्याला दाद देत नाहीत, सरळ ढासळतात.

ॲल्युमिनियम हलकं, न गंजणारं. लोखंडाच्या साधारण एकतृतीयांश वजनाचं. पण दोनशे अंशांच्या पुढे नेहमीच्या मिश्रधातूंची ताकद निम्म्याहून खाली येते. वितळायला ६६० अंश लागतात हे खरं, पण स्टँड वितळण्याची वाट बघत नाही, त्याआधीच वाकतो.

साध्या लोखंडाची ताकद ४०० अंशांपर्यंत फारशी घटत नाही. चौकोनी पाइप कुठल्याही फॅब्रिकेटरकडे मिळतो, वेल्डिंग सोपं. खर्च आवाक्यातला. दोष एकच, गंज. रेड ऑक्साइड आणि वर रंग, बर्नरच्या आसपास उष्णता सोसणारा रंग, आणि काम झाल्यावर सांडलेलं पुसून काढणं, एवढं केलं की पुरे.

गंज टाळायला जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप घ्यावा का? लांबच्या खांबांना नटबोल्टनं जोडायला हरकत नाही. पण जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. वेल्डिंगच्या ठिणगीत त्याचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डर मंडळी हा ताप ओळखून असतात. तेव्हा ज्वाळेजवळ जीआय नकोच.

राहिलं स्टेनलेस स्टील. सगळ्यात देखणं, सगळ्यात महाग, आणि वेल्डिंगला कुशल हात मागणारं. पण एक लक्षात घ्या, बिअर स्टँडला लागत नाही, पातेल्याला लागते. स्टेनलेसचे पैसे पातेल्यावर घालावेत. माझा सल्ला ठरलेला असे: रंगवलेलं साधं लोखंड.

आणि साहित्याइतकीच महत्त्वाची बांधणी. स्टँड सहसा वजनानं मोडत नाही, डुलून पडतो. म्हणून बुड रुंद ठेवावं, कोपऱ्यांत तिरके पट्टे द्यावेत, चाकं लावलीच तर ब्रेकची. उंची हवी तेवढीच. पातेल्यात डोकावायला स्टूल लागत असेल तर पंप घेऊन तिन्ही पातेली एका पातळीवर आणलेली बरी. गॅस पेटवायचा तो उघड्यावर, कारण बंद गॅरेजमध्ये साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

हा हिशोब आपल्याला परका नाही. लग्नाच्या स्वयंपाकाची शेगडी, मिसळवाल्याचा कट चढवलेला स्टँड, गच्चीवरच्या टाकीखालचा सांगाडा, सगळीकडे वजन, उष्णता, पाणी आणि धक्का हे चारच प्रश्न विचारायचे. आणि स्टँड तयार झाला की पातेली आधी थंड पाण्यानं काठोकाठ भरून रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी चारही बाजूंनी जरा हलवून बघायचं. जे काही पडायचं, वाकायचं, ते थंड पाण्यासकट पडू दे.