संपण्याची वेळ

सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही ऑर्कुटवर मित्रांना स्क्रॅप लिहायचो. तास भरला की उठावंच लागायचं, कारण मागे कुणीतरी खोळंबलेलं असायचं. ऑर्कुट २०१४च्या सप्टेंबरअखेरीस बंद झालं. त्याच नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका आल्या आणि ‘वाचूनही उत्तर दिलं नाही’ हे रुसण्याचं नवं कारण झालं. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा जपून वापरायची सवय काही महिन्यांत सुटली.

या वर्षांकडे आज पाहताना एक गोष्ट ठळक दिसते. आपल्या हातून ‘संपणं’ निघून गेलं. पानाला तळच नसलेलं स्क्रोलिंग एझा रास्किन यांनी २००६ मध्ये रचलं. पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. अखंड रिळं पाहणाऱ्या पोराला ‘तुला ताबा नाही’ म्हणून रागावताना हे ध्यानात ठेवायला हवं.

मर्यादा नसण्याची सर्वांत भीषण किंमत आपण धुळे जिल्ह्यात पाहिली. १ जुलै २०१८ रोजी राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अशा अफवा तेव्हा देशभर मोबाइलवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली.

पण लॉकडाऊनमध्ये याच फोनवर लोकांनी आपल्या माणसांचं अंत्यदर्शन घेतलं, मुलांची शाळा भरली. म्हणून फोन फेकून देणं हा उपाय मला कधीच पटला नाही.

पटला तो सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा. २०२२पासून या गावाने संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. साडेआठच्या भोंग्यापर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. कोरोनानंतर मुलांच्या हातून फोन सुटेना, म्हणून हा निर्णय झाला. मला मोलाचं वाटतं ते हे, की नियम एकट्या मुलांना नव्हता. आईची मालिका आणि वडिलांचा फोनही त्या दीड तासात बंद.

आमच्या घरी आता रात्री सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी चार्जिंगला असतात. ‘शुभ सकाळ’चे ग्रुप म्यूट केलेत. नोटिफिकेशन फक्त फोनकॉल आणि माणसांनी पाठवलेल्या मेसेजची चालू आहे. परदेशातल्या बहिणीचा रविवारचा व्हिडिओ कॉल मात्र कुणी चुकवत नाही.

एकट्याचा निग्रह दमतो, पण सगळ्यांनी मिळून ठरवलेली वेळ टिकते. दीड तास जमत नसेल तर निदान रात्रीच्या जेवणाची वेळ ठरवा, आणि त्या वेळी पहिला फोन घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने बाजूला ठेवावा.