उसनी पुस्तकं, कायमचे लेखक

माझ्या लहानपणी अंबरनाथात आगपेट्यांचा कारखाना होता, ऑर्डनन्स फॅक्टरी होती, शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर होतं. पुस्तक विकत घ्यायचं तर मात्र बाबा ठाणं नाहीतर दादर गाठत, तेही बोनस झाला की. त्यामुळे ज्या लेखकांवर माझा जीव जडला, ते बहुतेक दुसऱ्यांच्या कपाटांतून माझ्याकडे आले.

पहिले भा. रा. भागवत. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ मध्ये सुरू झालं आणि आमच्या चाळीत एकच अंक चार घरांत फिरू लागला. त्याच सुमारास कुणीतरी फास्टर फेणे आणून दिला. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा मला आमच्याच मैदानातला वाटायचा. भागवतांनीच ज्यूल व्हर्न मराठीत आणला हे मोठेपणी उमगलं, आणि त्यांच्याबद्दलची माया आणखी वाढली. मुलांसाठी लिहिताना त्यांनी भाषेत कुठेही कसर केली नाही.

कॉलेजात, उल्हासनगरला, आमच्या सरांनी ‘काजळमाया’ हातात ठेवलं. निम्मं कळलं नाही, पण सोडवेना. धारवाडला राहून, पुण्या-मुंबईच्या वर्तुळापासून लांब लिहिणारे जी. ए. कुलकर्णी; साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला, तर त्यांनी तो परत केला. विसाव्या वर्षी मला त्यांच्या दृष्टान्तकथांनी भारून टाकलं होतं. नियती, शाप, वाळवंटातले प्रवासी. पन्नाशीत तीच पुस्तकं काढली तेव्हा त्या कथा थोड्या सजवलेल्या वाटल्या आणि घरातल्या, ओसरीवरच्या कथांनी पकडून ठेवलं. ‘कैरी’तलं पोरकं मूल आणि त्याला जीव लावणारी मावशी यांच्यापुढे मला त्यांचं सगळं तत्त्वज्ञान दुय्यम वाटतं. जी.ए. खरे थोर आहेत ते इथे, असं माझं आता ठाम मत आहे.

नोकरी लागली आणि गौरी देशपांडे आल्या. लेडीज डब्यात उभ्याने, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं ‘एकेक पान गळावया’ वाचत मी ठाण्यापर्यंत जायची. त्यांच्या बायका प्रेम करतात, घर सोडतात, परत येतात आणि कुणालाही खुलासा देत बसत नाहीत. बदलापूर लोकलच्या गर्दीत हे वाचणं म्हणजे काय, ते त्या डब्यातल्या बाईलाच कळेल. याच बाईंनी अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठीत आणले, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

लग्नानंतर बदलापूर. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरात शिरली आणि पगारातून जमवलेली पुस्तकं लगदा झाली. पुढे श्याम जोशींच्या ग्रंथसखा वाचनालयात जायला लागले. जुनी, दुर्मिळ मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं एका माणसाने इतक्या निगुतीने जमवलेली पाहिली की हरवलेल्याचं दुःख हलकं होतं.

सगळ्यात उशिरा भेटले ते सगळ्यात जवळचे. बहिणीच्या शेजारी, उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमध्ये, एक सिंधी अम्मा राहायच्या. एका दुपारी त्या उजवीकडून डावीकडे बोट फिरवत सिंधी पुस्तक वाचत होत्या. लेखक मोहन कल्पना. जन्म सिंधमधल्या कोटरीचा, फाळणीनंतरचं आयुष्य उल्हासनगरात, ‘उहा शाम’ या पुस्तकाला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. मी ज्या रस्त्यांवरून कॉलेजला गेले त्याच गावात हा लेखक १९९२ पर्यंत लिहीत होता, आणि आमच्या मराठी वर्गात त्याचं नावही कुणी घेतलं नव्हतं. अम्मा एकेक वाक्य हिंदीत सांगत आणि मध्येच थांबून सिंधीतलं पुन्हा म्हणत, कारण हिंदीत ते उतरत नसे. सुटलेल्या मुलखाची ओढ त्यात इतकी सरळ होती की निर्वासितांच्या बराकींचं हे गाव मला पहिल्यांदाच आतून दिसलं.

अम्मा गेल्या. त्यांच्या नातवंडांना ती लिपी येत नाही. मी ती शिकते आहे. अक्षरं बावन्न, हात हळू चालतो. पण मोहन कल्पनांच्या कथा वाचायला एवढा खटाटोप का करावा लागावा? त्या मराठीत आणण्याचं काम उल्हासनगरातल्याच कॉलेजांनी, मराठी आणि सिंधी शिक्षकांनी एकत्र बसून हाती घ्यायला हवं. शेजारून वाचून दाखवणारी माणसं अजून थोडी आहेत.