गणरायाच्या अंगणातील रंगभूमी

गणरायाच्या आगमनाची चाहूल लागली आहे. पुण्याच्या पेठांतून मांडवांचे वासे उभे राहू लागले असून घरोघरी माळ्यावरची मखरे खाली उतरली आहेत. दहा दिवसांत काय काय पाहावयाचे याची चर्चाही सुरू झाली असेल. ती बहुधा रोषणाईपाशी येऊन थांबते. चौदा विद्या आणि चौसष्ट कलांच्या अधिपतीचा हा उत्सव; तेव्हा त्याच्या अंगणात नाट्य, नृत्य आणि शिल्प यांचा जो सोहळा भरणार आहे, त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे देवघर आणि रंगभूमी यांत फारसे अंतर कधी नव्हतेच. दशावतारात प्रथम गणपती प्रवेश करतो, तमाशा गणाने आरंभतो आणि संगीत नाटकाचा पडदा नांदीने उघडतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले ते याच पुण्यात. त्या शतकाच्या अखेरच्या दशकात उत्सवास सार्वजनिक रूप आले आणि त्यापाठोपाठ मेळे आले. पुढे नाटक-चित्रपटांत नाव मिळविणाऱ्या कित्येकांनी तोंडाला पहिला रंग लावला तो मेळ्यातच.

मेळे ओसरले. आमच्या मते त्यांचा खरा वारस म्हणजे आजचा जिवंत देखावा. दहा-पंधरा मिनिटांचे हे नाटुकले भर रस्त्यावर, विनातिकीट, एका संध्याकाळी अनेकवार होते. परवा सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या चौकात आम्ही अशीच एक तालीम पाहिली. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले. नटाने केवळ ओठ जुळवावयाचे. तानाजीचे काम करणारा तरुण दिवसा एका दुकानात नोकरीस आहे. “एका रात्रीत किती वेळा पडावे लागते?” असे आम्ही विचारले. “पंधरा-वीस वेळा तरी,” तो हसून म्हणाला, “पण काका, लोक शेवटपर्यंत थांबत नाहीत हो. लढाई संपली की निघतात. मालुसऱ्यांच्या घरचा प्रवेश नंतर आहे.”

हे ऐकून आम्हांस थोडी शरम वाटली. कारण गर्दीच्या रेट्याबरोबर आम्हीही असेच अर्ध्यावरून पुढे सरकलो आहोत. ज्या मंडळांचा निधी ध्वनिवर्धकांच्या भिंती उभारण्यात जातो, त्यांनी त्यातील चौथा हिस्सा जरी या मुलांच्या वेशभूषेवर आणि चहा-फराळावर खर्चिला, तरी गणराय रुसणार नाहीत! ध्वनिवर्धकास ठरावीक दिवस वगळता रात्री दहाची मर्यादा आहे. म्हणून देखावा पाहावयाचा तर तो लवकर, शक्यतो गौरी-विसर्जनापूर्वी पाहावा. त्यानंतर पेठांत पाय ठेवावयास जागा नसते आणि लहान मुलांचे हाल होतात.

मूर्तींकडेही शिल्प म्हणून पाहावे. भाऊ रंगारी यांचा गणपती राक्षसाचा वध करताना दाखविला आहे. तो आवेश पाहूनच कळावा. तुळशीबागेच्या गणपतीशी कलामहर्षी डी. एस. खटावकर यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिवे, वाद्ये आणि देवमूर्ती जमविण्यात काकासाहेब केळकरांनी आयुष्य वेचले व आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले. दुपारी, रस्त्यावरची गर्दी वाढण्यापूर्वी, मुलांना तेथे अवश्य न्यावे.

नृत्याची आवड असणाऱ्यांनी वृत्तपत्रांतील कार्यक्रमांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. १९४७ मध्ये पंडिता रोहिणी भाटे यांनी ‘नृत्यभारती’ स्थापिली, तेव्हापासून कथकाने या शहरात घर केले आहे. गणेश परण पढंत करून नाचली जाते तेव्हा पखवाजाचे बोल आणि देवाचे नाव यांत भेद उरत नाही. ते एकदा समोर बसून ऐकावे. १९८९ पासूनच्या पुणे फेस्टिव्हलनेही नृत्यास मोठा मंच दिला. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडले. त्याच वास्तूत कलादालन आहे. नाटकास लवकर पोहोचणाऱ्यांनी तेथे भरलेल्या चित्रप्रदर्शनासाठी पाव तास राखून ठेवावा.

याच ऋतूत भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची धामधूम असते. महाविद्यालयीन एकांकिकांची ही स्पर्धा ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ने १९६३ मध्ये सुरू केली. आरोळ्यांनी तेथील छप्पर दणाणते. वडीलधाऱ्यांना तो गोंगाट वाटेल खरा, परंतु पडदा वर जाताच त्याच सभागृहात जी शांतता पसरते, ती आम्ही अनुभवली आहे.

वाड्यातील तालीम संपली तेव्हा साडेनऊ झाले होते. तानाजीने लाकडी तलवार भिंतीशी टेकविली, कोनाड्यातल्या गणपतीला हात जोडले आणि आम्हांला म्हणाला, “मंडळींना घेऊन या, काका. पण शेवटचा प्रवेश होईपर्यंत थांबा.” आम्ही घरच्या सर्वांसह चौथ्या दिवशी येण्याचे कबूल केले आहे.