होतकरू खो-खोपटूची पारख

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या मैदानावर चौदा-पंधरा वर्षांची मुलगी खो-खोत अडीच मिनिटे हाती लागली नाही, की बघ्यांत लगेच बोलणे सुरू होते : ही पुढे राज्याकडून खेळणार! कौतुकाला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु निवड करणाऱ्यास त्या अडीच मिनिटांची खरी किंमत ठरवावी लागते, आणि ते काम दिसते तितके सोपे नव्हे. अंदाज चुकला तर एखादीची उमेदीची वर्षे फुकट जातात. किंवा जिच्यात खरे पाणी होते तिलाच घरी पाठविले जाते. ज्या मुलुखात पावसाचा भरवसा नाही आणि पुष्कळ घरांत ओढगस्त पाचवीला पुजलेली, तेथे घरी गेलेली मुलगी पुन्हा मैदानावर येईलच असे नाही.

प्रथम खेळाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळास नियमांची चौकट दिली. तेव्हापासून नियमांत फेरफार बरेच झाले, पण गाभा तोच आहे. पारंपरिक प्रकारात पाठलाग करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ जणी मधल्या पट्टीतील चौकोनांत एकाआड एक उलट दिशांना तोंडे करून बसतात व नववी पाठलाग करते. एकदा घेतलेली दिशा तिला बदलता येत नाही. मधली पट्टी ओलांडता येत नाही. पलीकडे जावयाचे तर खुंटाला वळसा घालून जावे, नाही तर बसलेल्या मैत्रिणीस खो द्यावा. पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीने उतरतात आणि त्यांना यांपैकी कोणतेही बंधन नसते. सारांश, खो-खो हा जितका वेगाचा खेळ आहे तितकाच दुसऱ्याच्या बंधनाचा लाभ उठविण्याचा आहे.

आता ती अडीच मिनिटे पाहू. मुलगी पहिल्या तुकडीत होती की शेवटच्या? पहिल्या तुकडीच्या वाट्यास ताज्या दमाच्या आक्रमक येतात. शेवटच्या तुकडीतील मुलगी कधी कधी नाबाद राहते ती केवळ वेळ संपला म्हणून. गुणपत्रिकेत मात्र तिच्या नावापुढे नाबाद हाच शब्द पडतो. पाठलाग करणाऱ्या कोण होत्या, हाही प्रश्न आहेच. लहान गटात खो उशिरा दिला जातो, बसलेली मुलगी उठताना अडखळते, आणि नुसत्या पायांच्या जोरावर एखादी चपळ मुलगी मिनिटेच्या मिनिटे काढते. वरच्या गटात खो वेळेवर पडू लागला, खुंटावर सूर मारून गडी टिपणाऱ्या मुली समोर आल्या, की तोच वेग अपुरा ठरतो.

म्हणून किती वेळ टिकली यापेक्षा बाद कशी झाली हे जाणता मनुष्य अधिक बारकाईने पाहतो. घाईत पाय सीमारेषेबाहेर पडला, तर तो दोष सवयीचा, सरावाने जातो. साखळी धरून पळताना पुढचा खो कोणास पडणार हे ओळखता आले नाही, तर ती उणीव अनुभवाची. चांगल्या संघांशी खेळून भरून निघते. परंतु एका बाजूने दुसऱ्या बाजूस वळताना कंबर व पाय यांचा मेळच बसत नसेल, तर तेथे शिक्षकाचे हात बरेचसे बांधलेले असतात. तशात ही वये वाढीची. तेराव्या वर्षी वाऱ्यासारखी पळणारी मुलगी पंधराव्या वर्षी, उंची वाढल्यावर, काही काळ अवघडल्यासारखी खेळते. त्या काळात तिला नापास करणे म्हणजे मोहोर गळताना पाहून आंब्याच्या झाडावर कुऱ्हाड चालविण्यासारखे आहे.

बघ्यांचे लक्ष सहसा जात नाही अशी एक जागा आहे, ती म्हणजे चौकोनात बसलेली मुलगी. खो पडताच ती किती लवकर उठते, पहिली दोन पावले कोणत्या दिशेस टाकते, आणि खो पडण्यापूर्वीच तिने पळणारीची चाल ओळखलेली असते काय? पळण्यात उणी वाटणारी एखादी मुलगी येथे सोन्यासारखी निघते.

अशी पारख करण्याचे शास्त्र अमेरिकेत बेसबॉलच्या खेळात बरेच पुढे गेले आहे. तेथे मोठ्या संघांच्या खाली दुय्यम संघांच्या पायऱ्या असतात व त्यांवर तरुण खेळाडू तयार होतात. मैदानाच्या दूरच्या भागात राहून उंच आलेला चेंडू टिपणाऱ्या तरुणाचे पाच गुण पारखी लोक तपासतात : फटक्याची अचूकता, फटक्यातील जोर, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येकास २० ते ८० पर्यंत अंक देतात. ५० म्हणजे सर्वोच्च पायरीवरील साधारण खेळाडू. यातील मौजेचा भाग असा की, एकाच गुणास बहुधा दोन अंक दिले जातात, एक आजचा आणि एक उद्याचा. शिवाय एकोणीस वर्षांचा मुलगा तेविशीच्या गड्यांत बेताचे खेळला, तरी एकोणिशीच्या पोरांत चमकणाऱ्या तेविशीच्या गड्याहून त्याला अधिक मोल मिळते. आपल्याकडील शालेय निवडीत हा दुसरा अंक बहुधा कोणी मांडीत नाही.

तो मांडला गेला असता काय होते, याचे उदाहरण धाराशिवातच आहे. सारिका काळे ही तेरा वर्षांची असल्यापासून खो-खो खेळू लागली. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी येथे दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळविले, त्या संघाची ती कर्णधार होती. म्हणजे मधे सुमारे दहा वर्षे गेली. या वर्षांत कित्येकदा दिवसातून एक वेळचेच जेवण मिळे, असे तिने पुढे स्वतः सांगितले आहे. २०१६ सालीच घरच्या आर्थिक अडचणींनी खचून तिने खेळ सोडण्याचे ठरविले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून तिला परत मैदानावर आणले. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्यास तो २२ वर्षांनी आला होता. त्या वेळी ती तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी होती. गुणपत्रिकेवरील मिनिटांचा हिशेब ठेवणाऱ्यास ही मधली वर्षे कोठेच दिसली नसती.

खेळही पालटतो आहे. मातीऐवजी गादीचे मैदान आले. तेथे पाय घसरत नाही, त्यामुळे एकाएकी थांबून उलट फिरणारीला लाभ होतो आणि गुडघ्यावर ताणही अधिक येतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरविले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. मातीवर शिकलेल्या मुलीस अशा स्पर्धेसाठी निवडावयाचे, तर तिला गादीवर निदान काही आठवडे खेळवून पाहिल्याशिवाय तिच्याविषयी मत देऊ नये. आणि त्या आठवड्यांत तिच्या दुधाची, बुटांची व येण्याजाण्याच्या भाड्याची तरतूद कोण करणार, हे निवड समितीने त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.